पाच मिनिटांचं विमान

"पाच मिनिटं म्हणजे?" पद्माकररावांनी थालीपीठ मोडता मोडता विचारलं.

"पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं, बाबा. विमान उडतं आणि पाच मिनिटांनी उतरतं," उल्हास म्हणाला.

"आणि अंतर?"

"दहा-बारा किलोमीटर."

पद्माकररावांनी मनातल्या मनात पुण्याचा नकाशा उलगडला. "म्हणजे डेक्कन ते हडपसर. तिथं कुणी विमानानं जातं का?"

"तिथला ट्रॅफिक बघता जायला हवं," मालिनीबाई म्हणाल्या.

पद्माकरराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. उन्हाळ्यापुरते ते आणि मालिनीबाई लेकीकडे, शुभदाकडे, लुडविग्सहाफेनला आले होते. जावई उल्हास आपल्याला खास विमानाने उत्तर समुद्रातल्या बेटावर लग्नाला नेतो आहे, असं त्यांनी पुण्याच्या हास्यक्लबात निघण्यापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं. आता हे खास विमान डेक्कनहून हडपसरला जाणारं निघालं. क्लबातली माणसं एरवी विनाकारण हसत. त्यांना कारण पुरवायची पद्माकररावांची इच्छा नव्हती.

"जेवण तरी देतात का विमानात?" त्यांनी विचारलं.

"पाणीसुद्धा नाही, ओपा," नऊ वर्षांची नात स्वानंदी आजोबांना जर्मनमध्ये म्हणाली. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर ती जर्मनमध्येच देई. आणि ते बहुतेक वेळा खरं असल्यामुळे कुणाला आवडत नसे.

लग्न होतं कपिलचं. कपिल म्हणजे मालिनीबाईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. तो बर्लिनमध्ये एका स्टार्ट-अपमध्ये होता. ती कंपनी नेमकं काय करते हे घरात कुणाला सांगता येत नसे, आणि कपिललाही रोज येत असेलच असं नाही. त्याने पसंत केलेली इम्के ही यूस्ट नावाच्या बेटावरची. कपिलच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं आत्ताच निघालं, त्यामुळे आईवडिलांच्या जागी मावशी आणि काका उभे राहणार होते. दुपारी बारा वाजता बेटावरच्या श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयात, सरकारी लग्न. संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर अंतरपाट धरून मराठी लग्न, मंगलाष्टकं मालिनीबाईंच्या आवाजात.

"आदल्या दिवशीच या, बोटीनं या," असं कपिलने दहादा सांगितलं होतं. तिथला समुद्र उथळ. भरती असली तरच बोट जाते, आणि लग्नाच्या दिवशी ती दुपारनंतर होती. पण उल्हास एका रासायनिक कारखान्यात नियोजनाचं काम करत असे. कुठला पंप कधी बंद करायचा, किती मिनिटांत दुरुस्त करून परत सुरू करायचा, हे तो ठरवी. सासूसासरे त्याने त्याच पद्धतीने हाताळायला घेतले.

"विमान पाच मिनिटांचं आहे. मग आदल्या रात्री बेटावर राहायचंच कशाला? अलीकडच्या किनाऱ्यावर नॉर्डडाइखला स्वस्तात राहू, सकाळी आरामात उडू. वेळेची बचत," त्याने शुभदाला समजावलं.

"वाचलेल्या वेळाचं तू काय करणार आहेस?" शुभदाने विचारलं.

याचं उत्तर नियोजनात नव्हतं.

आणखी एक गोष्ट नियोजनात नव्हती, ती मालिनीबाईंनी घातली. "आम्ही आईबापांच्या जागी येतोय. आम्हाला घ्यायला नवरामुलगा नको का यायला? लोक काय म्हणतील?"

"आई, तिथं लोक नाहीत, सीगल्स आहेत," शुभदा म्हणाली.

पण उल्हासला यात काही अडचण दिसेना. "पाच मिनिटं यायला, पाच जायला. येईल की कपिल."

*

नॉर्डडाइखचा विमानतळ म्हणजे एक गवताळ माळ, एक धावपट्टी, आणि एक बुटकी इमारत. इमारतीत काउंटर, कॉफीचं यंत्र आणि थोड्या खुर्च्या. बाहेर पंखे लावलेलं एक छोटं विमान उभं होतं. पद्माकररावांनी ते दोनदा न्याहाळलं आणि विचारलं, "हे आपल्याला मोठ्या विमानापर्यंत सोडणार का?"

"हेच विमान, बाबा."

पद्माकररावांनी विमान तिसऱ्यांदा न्याहाळलं. त्यांनी शेरवानी घातली होती, डोक्यावर फेटा होता, गळ्यात मानेची उशी आणि कानात कापूस. कपिल पहिल्याच विमानाने येऊन हजर होता. त्याचाही फेटा आणि शेरवानी. वाकून त्याने मावशीला आणि काकांना नमस्कार केला, तेव्हा काउंटरवरच्या बाईंना थोडा वेळ दोघांतला नवरा कोणता ते कळेना.

बाईंनी हसतमुखाने पहिला प्रश्न विचारला, आणि तिथून दिवस घसरायला सुरुवात झाली.

"काय विचारतेय ही?" मालिनीबाई म्हणाल्या.

"वजन. आई, छोटं विमान आहे, तोल सांभाळायला सगळ्यांचं वजन लागतं."

"मी काय रद्दी आहे?"

"मी बुकिंग करताना लिहिलं होतं तुमचं, तुम्ही सांगितलेलं. फक्त हो म्हणा. साठ."

"हो. साठ," मालिनीबाई म्हणाल्या आणि पदर सावरला.

"ओमा सत्त्याहत्तर आहे," स्वानंदी काउंटरवर हनुवटी टेकवून शुद्ध जर्मनमध्ये म्हणाली. "आमच्या काट्यावर. ओपा नव्वद आहेत. आई म्हणाली, कुणाला सांगू नकोस."

काउंटरवरच्या बाईंनी चेहऱ्यावरचं हसू न हलवता आकडे खोडले. मग त्यांनी मोठ्या बॅगेकडे बोट दाखवलं. उल्हासने ती काट्यावर ठेवली. काटा फिरला, थांबला, आणि बाईंनी वैमानिकाला हाक मारली.

बॅगेत रव्याचे लाडू होते, चकल्या होत्या, अंतरपाट, मुंडावळ्या, अक्षता, तांब्याचा कलश, आणि दोन पितळी समया होत्या. समया मालिनीबाईंनी पुण्याहून आणल्या होत्या, कारण जर्मनीत धातू कसला मिळेल याची त्यांना खात्री नव्हती.

वैमानिक तरुण होता. त्याने शांतपणे बॅग पाहिली, मालिनीबाई पाहिल्या, पद्माकरराव पाहिले, आणि जर्मन लोक देतात तशी सभ्य बातमी दिली. इतर तीन प्रवासी आधीच नोंदलेले आहेत. त्यामुळे या मंडळींपैकी चौघे आता जाऊ शकतील. उरलेले आणि बॅग पुढच्या फेरीला.

उल्हासचा चेहरा उजळला. हा पंपांचाच प्रश्न होता. "सोपं आहे. स्वानंदी आईबरोबर हवी. आई-बाबांना वेगळं करता येणार नाही. म्हणजे तुम्ही चौघं पुढे व्हा. मी आणि कपिल बॅग घेऊन मागून येतो. पाच मिनिटं जायला, पाच यायला, पाच परत जायला."

"अरे, पण लग्न कपिलचं आहे," शुभदा म्हणाली. "तो आधी नको का?"

"लग्न बाराला आहे. आत्ता दहासुद्धा वाजले नाहीत."

"असू दे गं ताई," कपिल म्हणाला. "मावशी-काकांना थांबवून मी कसा जाऊ? जिजू म्हणतात ते बरोबर आहे."

त्या दिवसात उल्हासला बरोबर म्हणणारं हे शेवटचं वाक्य होतं.

विमान गुरगुरत उडालं. खिडकीत पद्माकररावांचा फेटा दिसला आणि दिसेनासा झाला. थोड्याच वेळात शुभदाचा मेसेज आला: *पोचलो. बाबा उतरायला तयार नाहीत. म्हणताहेत, हे फक्त रनवे बदलायला थांबलंय.*

उल्हास हसला, आणि कपिलला मेसेज दाखवण्यासाठी वळला. कपिल खिडकीबाहेर पाहत होता. मघाशी जिथे समुद्र होता, तिथे आता काहीच नव्हतं. पांढरी चादर ओढल्यासारखं धुकं बांधावरून चढून आलं आणि बघता बघता धावपट्टी गिळून गवतावर बसलं.

"हे किती वेळ राहतं?" उल्हासने काउंटरवर विचारलं.

"जाईपर्यंत," बाई म्हणाल्या. विमान बेटावरच अडकलं होतं. वैमानिक तिथे कॉफी पीत होता, असं त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं.

*

त्यानंतर कपिलचा फोन थांबेना. आधी इम्केचा आला. ती बेटावर वाढलेली, त्यामुळे धुक्याला घाबरण्याची पद्धत तिला माहीत नव्हती. "धुकं आहे," ती म्हणाली. "चहा घे." आणि तिने फोन ठेवला.

मग मालिनीबाईंचा आला. "अरे, नवरा तिकडं आणि वऱ्हाड इकडं. हे काय लग्न आहे? आम्हाला टांग्यातून नेताहेत. विमानाला पाच मिनिटं लागली आणि टांगा पाऊण तास चाललाय. इथं गाड्याच नाहीत म्हणे. घोडा तर असा चालतोय की त्याला निवृत्त होऊन चार वर्षं झालीत. उल्हासरावांना दे."

उल्हासने फोन हातात घेतला, कानाला मात्र लावला नाही.

"जिजू," कपिल म्हणाला, "श्टांडेसआम्टवाला बाराला थांबला नाही तर? इम्के म्हणत होती, पुढची तारीख ऑक्टोबरमध्ये आहे."

"कपिल, मी आहे ना. मी त्यांना फोन करून वेळ पुढे ढकलून घेतो. जर्मन ऑफिसांशी कसं बोलायचं ते मला कळतं."

याच वेळी दार उघडून एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ आत आले. त्यांचा एक गाल टम्म सुजला होता आणि त्यांनी तो रुमालाने धरला होता. "मॉइन," असा त्यांनी अर्ध्या तोंडाने नमस्कार केला, कॉफी घेतली, आणि उल्हासशेजारच्या खुर्चीत बसले. काउंटरवरच्या बाईंनी दुरूनच विचारलं, "काढली?" त्यांनी मान हलवली. दाढ काढून आले होते.

उल्हासने श्टांडेसआम्टला फोन लावला. बेल वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली. पाचव्यांदा लावला तेव्हा त्याचा जर्मन ऑफिसांशी बोलण्याचा अनुभव संपत आला होता, आणि तो शेजारच्या गृहस्थांकडे वळला.

"काय लोक आहेत," तो जर्मनमध्ये म्हणाला. "आठवड्याला दोन लग्नं लावायची असतील. एवढं एक बेट, तेवढं एक ऑफिस. फोन उचलायला काय होतं?"

"योऽ," गृहस्थांनी होकार भरला.

"नक्की कुठंतरी कॉफी पीत बसला असणार."

गृहस्थांनी हातातल्या कपाकडे पाहिलं आणि तो हलकेच खाली ठेवला.

"या मुलाचं आज लग्न आहे," उल्हास पुढे म्हणाला. आता त्याला थांबवता येण्यासारखं नव्हतं. "बाराला. आणि त्या माणसाला पडलेली नाही. हे सरकारी नोकर सगळे सारखेच. आमच्याकडचे निदान उशिरा येतात. हे वेळेवर येतात आणि मग काही करत नाहीत."

"योऽ," गृहस्थ पुन्हा म्हणाले, आणि या वेळी थोडे दुःखी दिसले.

कपिलला त्यांची दया आली. त्याने बॅग उघडून लाडवांचा डबा काढला. "मऊ आहेत," तो म्हणाला. "चावायला लागत नाही." गृहस्थांनी एक लाडू घेतला, चांगल्या बाजूने तोंडात ठेवला, डोळे मिटले, आणि डबा परत जाण्यापूर्वी दुसरा घेतला. धुक्यामुळे अडकलेले आणखी चार-पाच प्रवासी जमले होते. त्यांनाही लाडू मिळाले. थोड्या वेळात प्रतीक्षालयात असं वातावरण झालं की जणू लग्न इथेच लागणार आहे आणि फक्त नवरी यायची राहिली आहे.

तेवढ्यात शुभदाचा फोन आला. "आम्ही पोचलो गावात. इथं सगळ्यांना वाटतंय बाबाच नवरदेव आहेत. फेटा, शेरवानी. बायका येऊन अभिनंदन करताहेत."

"मग तू सांग ना त्यांना."

"मी सांगते रे. पण बाबा थँक्यू म्हणताहेत. त्यांना दुसरं जर्मन येत नाही. आई चिडलीय. आणि ऑफिसला कुलूप आहे."

"कुलूप?" उल्हास उभा राहिला. "आणि तो श्टांडेसआम्टवाला?"

"आला नाही म्हणे अजून."

उल्हासने फोन खिशात टाकला आणि सुजलेल्या गालाच्या गृहस्थांना ही ताजी बातमी दिली. "बघा. ऑफिसलासुद्धा आला नाही."

गृहस्थांनी तिसरा लाडू घेतला.

*

साडेअकराच्या सुमारास धुकं जसं आलं तसंच गेलं. आधी कुंपण दिसलं, मग गवत, मग समुद्राची चकाकती पट्टी. विमान बेटावरून येऊन उभं राहिलं. वैमानिक उतरला आणि बाईंनी पुन्हा यादी काढली. अडकलेले बाकीचे प्रवासी आधीच नोंदलेले होते. बेटावरच्या औषधाच्या दुकानाची खोकी जायलाच हवी होती. एका आजीबाईंचं डॉक्टरकडचं काम आटोपलं होतं आणि त्यांना गुडघे दुमडून बसता येत नव्हतं. सगळं मांडून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आल्झो, तर मग आणखी तिघे जाऊ शकतात, बॅगेशिवाय. किंवा दोघे, बॅगेसकट."

उल्हासने चटकन हिशेब केला आणि शेजारच्या गृहस्थांकडे वळून अत्यंत सभ्य जर्मनमध्ये म्हणाला, "तुमची हरकत नसेल तर तुम्ही पुढच्या फेरीला येता का? म्हणजे आम्ही दोघं आणि बॅग जाऊ. आमचं बाराला लग्न आहे."

"माझंही," गृहस्थ म्हणाले. तोंडाची बधिरता आता थोडी उतरली होती.

उल्हासने त्यांच्या पिकल्या केसांकडे आणि गालाकडे पाहिलं. "अरे वा. अभिनंदन. पण तुमचं थोडं उशिरा झालं तर चालेल ना?"

"मला चालेल," गृहस्थ सावकाश म्हणाले. "पण माझ्याशिवाय तुमचं कसं होणार?"

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक किल्ली वेगळी धरून दाखवली. "ऑफिसची," ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी पुस्ती जोडली, "काल संध्याकाळपासून दाढ दुखत होती. बेटावरचा दातांचा डॉक्टर सुट्टीवर आहे. बाकी मी फोन उचलतो."

कपिल घाईने खुर्चीतून उठला. उल्हासचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्याने तो लाडवांच्या डब्यात घालून लपवता येईल का ते पाहिलं.

"तुम्ही बोलला का नाहीत?" त्याने अखेर विचारलं.

"दातवाल्यानं दोन तास बोलू नका म्हणून सांगितलंय," ते श्टांडेसबेआम्टर, म्हणजे नोंदणी अधिकारी, म्हणाले. "आणि तुम्ही बोलत होतात."

आता प्रश्न सोपा उरला होता, आणि म्हणूनच अवघड होता. कपिल जायलाच हवा. श्टांडेसबेआम्टर जायलाच हवेत. तिसरी जागा उल्हासची, नाही तर बॅगेची.

"मी साक्षीदार आहे," उल्हास म्हणाला. "मी लागतोच. बॅग नंतर येईल."

"मावशीला विचारू या," कपिल म्हणाला आणि त्याने फोन लावला, स्पीकरवर.

त्याने सगळं सांगितलं.

"बॅग पाठव," मालिनीबाई म्हणाल्या.

"अगं आई, उल्हास साक्षीदार आहे," मागून शुभदाचा आवाज आला.

"अंतरपाट बॅगेत आहे. अक्षता बॅगेत आहेत. समया बॅगेत आहेत. उल्हासरावांत काय आहे?"

कपिलने हळू आवाजात श्टांडेसबेआम्टरना विचारलं, की साक्षीदाराशिवाय लग्न लागतं का. त्यांनी उल्हासकडे पाहिलं. बदला घ्यायची एवढी सोन्यासारखी संधी सरकारी नोकराला क्वचितच मिळते. पण त्यांनी सुजलेल्या तोंडाने, कसलाही आनंद न दाखवता, कायदा तेवढा सांगितला.

"साक्षीदार हवा तर घ्यावा. सक्ती नाही. नियम केव्हाच बदलला."

बॅगेला जागा मिळाली. आजीबाईंनी ती मांडीशी घट्ट धरली. कपिल खिडकीतून दोन्ही हात जोडून "सॉरी, जिजू" म्हणत राहिला. आवाज ऐकू येत नव्हता, पण ओठांवरून कळत होतं.

*

साडेबाराच्या पुढे शुभदाचा फोन आला तेव्हा उल्हास रिकाम्या प्रतीक्षालयात कोटाची बटणं सोडून बसला होता.

"लागलं लग्न," ती म्हणाली. "अरे, इथं ते काका विमानतळावरून स्वतःच्या सायकलनं आले, मागं कॅरियरवर फेटा घातलेला कपिल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि इम्के सांगत होती, हे काका एरवी अर्धा तास भाषण करतात, प्रेम आणि समुद्र वगैरे. आज तोंड दुखतंय म्हणून दोन वाक्यं बोलले आणि सह्या घेतल्या. पाच मिनिटांत आटपलं. इम्केचे बाबा त्यांच्या गळ्यात पडले, इतके खूश झाले."

"आणि मी?"

"तू ये की आता निवांत. संध्याकाळपर्यंत काही काम नाहीये तुझं." मग आवाज उतरवून तिने विचारलं, "चिडलायस?"

"नाही," उल्हास म्हणाला, आणि आपण खरंच चिडलेलो नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याला जरा नवल वाटलं. गेले दोन महिने त्याच्या घरात कुणी ना कुणी बोलत होतं. आत्ता कॉफीचं यंत्रसुद्धा बंद होतं.

पुढच्या फेरीला तो एकटाच प्रवासी होता. वैमानिकाने त्याला पुढे, स्वतःच्या शेजारी बसवलं. विमान उडालं, बांध मागे पडला, आणि खाली ओहोटीचा समुद्र उलगडला. ओल्या वाळूत पाण्याच्या वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्या होत्या. एका वाळूच्या पट्ट्यावर दहा-पंधरा सील ऊन खात पडले होते. त्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. कुणी त्याला काही विचारत नव्हतं. कुणाला कुठे वेळेवर पोचवायचं नव्हतं. समोर बेट दिसू लागलं, लांबट, हिरवं, आणि दुर्दैवाने फारच जवळ.

किनाऱ्यावर ठिपक्याएवढी माणसं दिसली. त्यांतल्या एका ठिपक्याला फेटा होता, आणि तो हातवारे करत होता.

उल्हासने वैमानिकाच्या खांद्याला हलकेच स्पर्श केला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हे जरा लांबवता येईल का?"

वैमानिकाने त्याच्याकडे पाहिलं, मग खालच्या हातवारे करणाऱ्या ठिपक्याकडे पाहिलं.

"तुमचे कोण?"

"सासरे."

"असं होय," वैमानिक समजुतीने म्हणाला, आणि त्याने विमान बेटावरून सरळ पुढे, मोकळ्या समुद्राकडे घेतलं.